पाठीला लावलेला कान

दुपारची जेवणं आटोपली होती. वॉर्डातल्या बाया आपापल्या लेकरांच्या पायथ्याशी जरा आडव्या झाल्या होत्या. दिपालीनं इकडेतिकडे पाहिलं, खुशीला कुशीवर वळवलं, फ्रॉकची मागची बटणं सोडली आणि तिच्या पाठीला कान लावला.

"आई, पुन्हा?" खुशी म्हणाली.

"उगी राह्य. मले आयकू दे."

खुशीनं श्वास घेतला. आधी नुसती खरखर, वाळलेल्या तुरीच्या शेंगा मुठीत चुरडल्यासारखी. मग श्वास माघारी फिरला आणि अगदी संपता संपता ती शिटी आली. बारीक, दोन सुरांची. पहिला सूर जरा वर चढायचा, दुसरा खाली येऊन विरून जायचा.

दिपालीचे डोळे आपोआप मिटले. हा आवाज खुशीचा नव्हता. खुशी जन्मल्यापासून तिच्या छातीतून असला आवाज कधी आला नव्हता. हा संबोधीचा आवाज होता, आणि संबोधीला जाऊन वर्ष होत आलं होतं.

दिपालीचं घर मुकुटबनला. नवरा अमर कापसाच्या हंगामात जिनिंगच्या कारखान्याला कापूस नेणारा टेम्पो चालवायचा. ती घरी बसून ब्लाऊज आणि शाळेचे ड्रेस शिवायची. घरात सासू इंदूबाई आणि दोन लेकी, थोरली संबोधी आणि धाकटी खुशी. संबोधीची छाती लहानपणापासून नाजूक. थंडी पडली की तिला खोकला धरायचा, आणि खोकला गेला तरी श्वासातली शिटी बरेच दिवस मागे राहायची. "या पोरीनं चिमणी गिळली," असं इंदूबाई म्हणायची. दिपाली मशीनवर मान खाली घालून बसलेली असली आणि मागून कोणी येऊन उभं राहिलं, तर वळून न पाहता तिला कळायचं, संबोधी आली.

मागच्या पौषात संबोधीला ताप आला तेव्हा तो नेहमीचाच वाटला. दुसऱ्या दिवशी तिच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जायला लागली. अमर माल घेऊन आदिलाबादकडे गेलेला. गाडी मिळेस्तोवर दुपार कलली. पांढरकवड्याच्या अलीकडे पोरीचं डोकं आईच्या दंडावर कललं. गाडीचं इंजिन केवढं तरी मोठ्यानं चालू होतं, तरी शिटी थांबली ते दिपालीला त्याच क्षणी कळलं.

घरी बौद्ध भिक्खू, भन्तेजी, आले, वंदना झाली, जलदानाचा विधी झाला. सांत्वनाला आलेल्या बायांपैकी कोणी काही भलतंसलतं बोलायला लागली की इंदूबाई तिला मधेच थांबवायची. "आपल्यात आत्मा, भूतखेत असं काही मानत नाहीत बाई. गेलं ते गेलं." दिपालीचंही तेच मत होतं. शाळेत असताना तिनं याच विषयावर भाषण केलं होतं आणि कंपासपेटीचं बक्षीस मिळवलं होतं. त्यामुळे आता वॉर्डातल्या खाटेवर आपल्या कानाला जे ऐकू येत होतं, ते कोणाला सांगावं हे तिला उमगत नव्हतं.

यंदा दिवाळी झाली आणि खुशी आजारी पडली. या वेळी अमरनं कशाचीच वाट पाहिली नाही. ताप चढला तसा त्यानं टेम्पोतला कापूस आहे तिथे उतरवून ठेवला, माय-लेकीला पुढच्या सीटवर बसवलं आणि थेट यवतमाळ गाठलं. आर्णी रोडला एका ट्रस्टचा मुलांचा दवाखाना होता, तिथे त्यांनी तिला भरती केलं. निमोनिया निघाला. काही दिवस नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन, इंजेक्शनं. मग ताप उतरला, नळी निघाली, पोरगी उठून बसायला लागली. पण उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काही मोकळा होईना. एक्स-रेच्या फोटोत तिथे पांढरा ढग तसाच दिसत होता.

"जंतू औषधानं मरतील," मोठे डॉक्टर म्हणाले. "पण आत जे साचलंय ते बाहेर काढायला पोरीनंच जोर लावला पाहिजे. खाली फिजिओथेरपीत वैष्णवी मॅडमकडे न्या. त्या श्वासाचे व्यायाम शिकवतील. लेझरपण देतील."

लेझर म्हटल्यावर दिपाली घाबरली. तिला वाटलं चिरफाड आहे.

वैष्णवी मॅडम पुसदकडच्या होत्या, तिशीच्या आतबाहेरच्या, बोलायला मऊ. त्यांनी आधी ती वस्तू दिपालीच्याच तळहाताला लावून दाखवली. जाड पेनासारखा दांडा, मागे वायर, टोकाला लाल ठिपका. ना चटका, ना टोचणं.

"हा मुख्य इलाज नाही, ताई," त्या म्हणाल्या. "मुख्य काम औषधांचं आणि श्वासाचं. या उजेडानं आतली सूज लवकर उतरायला मदत होते का, ते आम्ही बघतोय. तुमची इच्छा असेल तरच देऊ."

दिपालीनं मान हलवली. लेकरासाठी कोणी काही करत असेल तर नाही कशाला म्हणायचं.

डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून तिघींनीही काळपट हिरवे चष्मे घातले. खुशीला तिचा चष्मा मोठा होत होता, नाकावरून घसरत होता. मॅडमनी खिडकीचा पडदा ओढला, पोरीला स्टुलावर पाठमोरी बसवलं आणि खालच्या बरगड्यांच्या मधे तो लाल ठिपका टेकवला. थोडा वेळ एका जागी, मग जरा बाजूला, मग जरा वर.

 मग खुशीनं मान न वळवता विचारलं, "मॅडम, तुमी दिवा लावून कोणाले शोधून राह्यल्या?"

"कोणाला म्हणजे? तुझा खोकला कुठे लपलाय ते बघतेय."

"मंग ठीक हाय," खुशी म्हणाली आणि खांदे सैल सोडले.

समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. त्या हिरव्या अंधारात दिपालीला काचेत दोन मुली दिसल्या. एक स्टुलावर बसलेली, दुसरी तिच्या अगदी मागे, चिकटून. दिपालीनं झटकन चष्मा वर केला. काचेत खुशी होती आणि वाकलेल्या मॅडम होत्या.

"ताई, चष्मा घाला," मॅडम म्हणाल्या.

मग व्यायाम झाले. नाकानं हळू श्वास घ्यायचा, पोटावर ठेवलेला हात वर आला पाहिजे. मग ओठांचा चंबू करून, चहा निववतो तसं, सगळा श्वास सोडायचा. अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीत नळी घालून बुडबुडे काढायचे. टेबलावर कापसाचा बोळा ठेवून तो फुंकरीनं पलीकडच्या कडेला न्यायचा. दुसरी पोरं या खेळांना हपापलेली असत. खुशीनं बुडबुडे काढले, पण थोडेसेच. बोळा अर्ध्या टेबलापर्यंत गेला आणि तिनं तोंड मिटलं.

"अजून आहे श्वास तुझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. "सगळा सोड. शेवटपर्यंत."

"सरला."

"नाही सरला. मला दिसतोय ना."

खुशीनं मान खाली घातली. मॅडमनी तिला पुन्हा सांगून पाहिलं, स्वतः करून दाखवलं, हसवलं. पोरगी दर वेळी मधेच थांबायची. जाताना मॅडम दिपालीला म्हणाल्या, "ही मुद्दाम शेवटचा श्वास राखून ठेवते. दुखत असेल म्हणून असेल. तुम्ही वॉर्डात जेवणाआधी करून घेत जा. तुमचं ऐकेल."

वर आल्यावर दिपालीनं खाटेवर बोळा ठेवला. "चाल, कर आता माह्यासमोर."

खुशीनं दाराकडे पाहिलं, शेजारच्या खाटेकडे पाहिलं. मग आईच्या कानाशी तोंड नेलं. "आई, ताई आत हाय."

"कोण ताई?"

"आपली ताई. इथी, पाठीत. मी पुरा फुंकला न श्वास, तर ते बाहेर निंगून जाईन. म्हणून थोडा ठेवतो."

 "कोणी सांगतलं तुले?"

"कोणीच नाही. तूच आयकून पाह्य न."

तेव्हा तिनं पहिल्यांदा खुशीच्या पाठीला कान लावला होता. आणि शिटी ऐकली होती.

त्या दिवसापासून व्यायाम थांबले. दिपालीनं तसं ठरवलं वगैरे नव्हतं. सकाळी ती बोळा काढायची, पुन्हा उशीखाली सारायची, आणि मनाशी म्हणायची, दुपारी करू. दुपारी वॉर्ड शांत झाला की तिला फक्त ऐकायचं असायचं. मॅडमनी विचारलं की ती म्हणायची, "हो, करतो न." खोटं बोलताना तिची जीभ अडखळत नव्हती याचंच तिला नवल वाटायचं.

तिला त्या आवाजाची भूक लागली होती. वर्षभर तिनं तो आठवून पाहिला होता आणि दर वेळी तो थोडा जास्त पुसट झाला होता. संबोधीचा चेहरा फोटोत होता, कपडे पेटीत होते, पण श्वास कशात साठवून ठेवणार? आणि आता तो इथे होता, ऊन, जिवंत, कानाला गुदगुल्या करणारा. ती हळूच म्हणायची, "बोधी." आणि खुशीचा पुढचा श्वास संपताना शिटी यायची. दोन सूर. वर आणि खाली. हळूहळू दिपालीला त्यात शब्द ऐकू यायला लागला. आ-ई.

ती खुशीच्या तोंडाकडे पाहायची. खुशीचे ओठ मिटलेले असायचे.

रविवारी अमर आला. इंदूबाईनं दिलेली भाकर, झुणका, पोरीसाठी लाडू. तो दर खेपेला यायचा तसा दारातच चपला काढून, दबकत आला. खुशी झोपली होती. दिपाली त्याला म्हणाली, "जरा इकडं या. तिच्या पाठीले कान लावा."

"काहून?"

"लावा तर."

तो वाकला. दाढीचे खुंट लागले तशी खुशी झोपेत कण्हली. अमर वाकलेला तसाच राहिला, पुष्कळ वेळ. मग सरळ झाला, व्हरांड्यातल्या नळावर गेला आणि तोंडावर पाणी मारत उभा राहिला. परत आला तेव्हा शर्टाची कॉलर भिजली होती.

"काय आयकलं?" दिपालीनं विचारलं.

"कफ हाय. दुसरं काय असन."

पण त्यानंतर तो खाटेवर टेकला नाही. खिडकीशी उभा राहून बोलत राहिला, जिनिंगपुढे गाड्यांची लाइन किती लागली, आईचा गुडघा कसा आहे. आणि नेहमीपेक्षा लवकर निघाला.

पुढच्या दोन दिवसांत खुशीला पुन्हा ताप भरला. नाकपुड्या फुलायला लागल्या. नवा फोटो काढला तर ढग वर सरकला होता. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला आणि त्यांचा आवाज जरा कोरडा झाला. "हे असंच राहिलं तर आत पाणी धरेल. मग छातीत नळी टाकावी लागेल, नागपूरला पाठवावं लागेल. व्यायाम होतायत ना?"

दिपाली खुशीची चादर सारखी करत राहिली. वैष्णवी मॅडम बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी दिपालीकडे पाहिलं आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर तिच्याजवळ येऊन बसल्या.

"ताई, होत नाहीत ना व्यायाम?"

दिपालीनं मान हलवली. मग तिला राहवलं नाही. पदर तोंडाला लावून तिनं सगळं सांगितलं. संबोधीची शिटी, गाडीतला तो रस्ता, खुशीचं बोलणं, दुपारचं ऐकणं. "मले माहीत हाय मॅडम, असं काही नसते. माह्या सासूले कळलं तर ते मले हाकलून देईन. पण आवाज तिचाच हाय. मी माय हाय तिची. माह्या कानाले कसं चुकन?"

मॅडम हसल्या नाहीत. 

"तुमचा कान चुकत नसेल," त्या म्हणाल्या. "श्वासाची नळी एखाद्या जागी अरुंद असते, तिथे कफ अडकला की हवा शिटीसारखी वाजते. बाटलीच्या तोंडाशी फुंकल्यावर वाजते तशी. दोघी सख्ख्या बहिणी. नाक सारखं असतं, बोटं सारखी असतात, तशी आतली ठेवणपण सारखी असू शकते. म्हणून आवाज सारखा येत असेल."

"म्हंजे तिचाच न?"

 मॅडमनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून दिपालीच्या कानांत बसवला आणि त्याचं तोंड खुशीच्या पाठीवर, खाली उजवीकडे ठेवलं. "नीट ऐका. कफ कुठे अडलाय ते कळेल. खुशी, श्वास घे बाळा. सोड."

आवाज एवढा मोठा होता की दिपाली दचकली. खरखर नदीसारखी वाहत आली आणि शेवटी शिटी, अगदी कानाच्या पडद्यावर.

"आता श्वास धरून ठेव, खुशी. सोडू नको. मी सांगेपर्यंत."

खुशीनं तोंड मिटलं. छाती जागच्या जागी थांबली. मॅडम तिच्या खांद्यावर हात ठेवून पाहत होत्या. दिपालीच्या कानात फक्त खुशीच्या काळजाचे ठोके पडत राहिले, भरभर.

आणि ठोक्यांच्या पलीकडून, लांबून, पुन्हा ती शिटी आली. या वेळी ती थकलेली होती. पहिला सूर वर चढलाच नाही. दुसरा बुडत गेला. गाडीत, दंडावर डोकं कललं त्याच्या आधीचा श्वास असाच होता.

दिपालीनं स्टेथोस्कोप कानांतून ओढून काढला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं. खुशीनं श्वास सोडला आणि खोकायला लागली.

"काही नाही," दिपाली म्हणाली.  इतके दिवस ती लेक परत आली म्हणून कान लावून बसली होती. लेक आत काय करून राहिली आहे, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. ती आत तेच करत होती जे तिनं त्या गाडीत केलं होतं. श्वास संपवत होती. रोज, दिवसभर, धाकट्या बहिणीच्या पाठीत. आणि हिचाही संपवून टाकणार होती.

त्या संध्याकाळी, वॉर्डात दिवे लागले तेव्हा, दिपालीनं खुशीला उशांना टेकवून बसवलं. तिच्यासमोर मांडी घालून बसली, गुडघ्याला गुडघा लावून. मधे पुस्तकाचा पुठ्ठा ठेवला, त्यावर कापसाचा बोळा.

"खुशी, ताईले तिथी तरास होते."

"तुले कसं माहीत?"

"मी आयकलं आज. तिथी जागा लहान हाय. पाणी साचलं हाय. तिले श्वास घेता येत नाही अन् तुलेबी घेता येत नाही."

खुशीनं पुठ्ठ्यावरचा बोळा बोटानं जरा ढकलला. तापानं तिचे ओठ सुकले होते. "मंग बाहेर निंगून कुठी जाईन ते?"

दिपालीला काहीतरी सांगता आलं असतं. चांदणी होईल, फूल होईल, लोक लेकरांना सांगतात तसं काहीही. तिच्या तोंडाशी ते आलंही. पण पोरीचे डोळे इतके सरळ तिच्याकडे लागले होते की खोटं बोलवेना.

"मले नाही माहीत," ती म्हणाली.

"मंग मी नाही फुंकत."

खुशीनं ओठ घट्ट आवळले आणि भिंतीकडे तोंड केलं. तिची पाठ वर-खाली होत होती, छोट्या छोट्या घोटांत. दिपाली त्या पाठीकडे पाहत बसली. मग तिनं वॉर्डात सगळ्यांना लावावा लागणारा तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"इकडं पाह्य. तू फुंक. मी तुह्यासमोरच बसतो, तोंडाशी तोंड. तू जेवढा सोडशीन न, तेवढा मी आत घेतो. ते कुठीच जाणार नाही. माह्याजवळ येईन."

"पुरा घेशीन?"

"पुरा."

"सांडू नको देजो."

"नाही देत."

खुशीनं नाकानं श्वास घेतला, पोटावर हात ठेवून, मॅडमनी शिकवलं तसा. ओठांचा चंबू केला आणि फुंकर सोडली. बोळा पुठ्ठ्यावरून सरकला. दिपाली त्याच वेळी श्वास आत घेत होती. पोरीच्या तोंडाचा तापाचा, औषधांचा वास तिच्या नाकात भरला. नेहमीच्या जागी खुशी अडखळली. तिनं आईकडे पाहिलं. दिपालीनं डोळ्यांनीच खुणावलं, दे. आणि खुशीनं शेवटचा, राखून ठेवलेला श्वासही सोडला. शिटी आली, आईच्या तोंडासमोर, लांबच लांब. दिपालीनं ती ओढून घेतली आणि छाती भरून तशीच बसून राहिली, जाऊ द्यायला भीत.

मग खुशीला जो खोकला आला तो पोटाच्या तळापासून आला. दिपालीनं पोकळ धरलेल्या तळव्यानं तिची पाठ थापटली. घट्ट पिवळा बेडका पडला, पाठोपाठ दुसरा. सिस्टर धावत आल्या, पोरीचं तोंड पुसलं, चांगलं झालं म्हणाल्या.

पुढचे दिवस असेच गेले. जेवणाआधी दोघी समोरासमोर बसायच्या. खाली मॅडमच्या खोलीत लाल ठिपका फिरायचा, इंजेक्शनं चालू होती, आणि वर माय-लेकी एकमेकींच्या तोंडासमोर तोंड धरून श्वासांची देवघेव करायच्या. मॅडमनी एकदा ते पाहिलं. "ताई, असं तोंडात श्वास घेऊ नका, तुम्हाला लागण होईल," असं म्हणायला त्या पुढे झाल्या आणि पोरगी किती खोल फुंकते ते पाहून दारातच थांबल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "नंतर गरम पाण्यानं गुळण्या करत जा."

दर दिवशी शिटी बारीक होत गेली. दिपाली आता पाठीला कान लावत नसे. तिला समोरूनच कळायचं. आधी दुसरा सूर गेला. मग काही दिवस पहिलाच तेवढा यायचा, कोणी हाक मारायला तोंड उघडावं आणि गप्प व्हावं तसा. एका सकाळी खुशीनं बोळा एका फुंकरीत खाटेखाली उडवला आणि दिपाली श्वास ओढत राहिली. त्या श्वासात काहीही नव्हतं. स्वच्छ हवा होती.

खुशी टाळ्या वाजवत होती. दिपालीही हसली, मग बाथरूममध्ये जाऊन तिनं नळ सोडला आणि नळाच्या आवाजात जेवढं रडता येईल तेवढं रडून घेतलं.

फोटो चांगला आला. त्यांना घरी सोडलं. मुकुटबनला आल्यावर थोड्याच दिवसांत दिपालीला खोकला लागला. अमर घाबरला, इंदूबाईनं काढा केला. दिपाली मात्र काढा तोंडाला लावून तसाच ठेवायची. मशीनवर बसलेली असताना ती पाय थांबवायची, सगळा श्वास सोडायची आणि शेवटाला कान देऊन राहायची. खुशीही कधी कधी मागून यायची, तिच्या पाठीला गाल लावायची आणि विचारायची, "हाय का?"

"हाय," दिपाली सांगायची.

पुढच्या महिन्यात तपासणीला बोलावलं होतं. वैष्णवी मॅडमनी खुशीची छाती चारी बाजूंनी ऐकली, तिला बुडबुडे काढायला लावले आणि पाठीवर थाप दिली. "आता शाळेत जायचं. धावायचंपण." खुशी म्हणाली, "मॅडम, आईचीबी पाठ पाहा न."

दिपाली नको नको म्हणत होती. मॅडमनी तिला स्टुलावर बसवलंच. "श्वास घ्या. सोडा. पूर्ण सोडा, ताई." त्यांनी खाली ऐकलं, वर ऐकलं, पुन्हा खाली ऐकलं. त्या जरा जास्तच वेळ ऐकत होत्या. दिपालीनं हातातला पदर पिळून धरला होता.

"स्वच्छ आहे," मॅडम म्हणाल्या. "काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, ताई." त्यांनी दिपालीच्या खांद्यावरचा हात लगेच काढला नाही.

परतीच्या वाटेवर खुशी मधे बसली होती आणि जोडमोहा यायच्या आत झोपून गेली. दोन्ही बाजूंनी कापसाची शेतं होती, बहुतेक वेचलेली. अमर टेम्पो चालवत होता.

"मी तेव्हा खोटं बोललो," तो समोर पाहत म्हणाला. "दवाखान्यात. तू कान लावाले सांगतलं तेव्हा."

दिपालीनं त्याच्याकडे पाहिलं.

"कफ नव्हता तो. म्हंजे असन, कफबी असन. पण तिनं मले हाक मारली. बाबा म्हणे. दोनदा." त्यानं गिअर बदलला, उगाचच, पुन्हा होता तिथेच आणला. "मी तिच्या वेळी नव्हतो न. वाटे, तेच इचारून राह्यली का, कुठी होते म्हणून. म्हणून मी मंग बसलोच नाही तिथी."

दिपालीला सांगावंसं वाटलं की तो आवाज मला आई म्हणत होता. ते तिनं सांगितलं नाही. दोन सुरांत ज्याला जे ऐकायचं ते मावत असेल, किंवा पोरीनं खरंच दोघांनाही हाक मारली असेल. मॅडम म्हणाल्या काहीच नाही, आणि खुशी मधे झोपली होती, तोंड उघडं टाकून, श्वास एकसारखा, कुठेही न अडखळणारा.

"तिनं तसं नसन इचारलं," ती म्हणाली. "ते तुमच्यावर कधीच रागे भरत नव्हती."

अमरनं मान हलवली. पुढे एका टपरीजवळ त्यानं गाडी बाजूला घेतली. खुशी जागी झाली आणि भूक लागली म्हणाली. तिघांनी उतरून कढईतून नुकतीच काढलेली भजी घेतली. खुशीला आणखी हवी होती, तिनं बापाच्या कागदातली उचलली. मग रस्त्याकडेच्या बांधावर चढून ती पळायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दम लागेपर्यंत पळून परत आली.

"आई, पाह्य, काहीच वाजत नाही," ती धापा टाकत म्हणाली.

"हो," दिपाली म्हणाली. "मी आयकून राह्यली."